छातीवरची ढमी

४ सप्टेंबर

नव्या वहीचं पहिलं पान उगाच चांगल्या अक्षरात जातं, म्हणून आधीच त्यावर एक आडवी रेघ मारून ठेवली. आता कसंही लिहायला मोकळा. मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचा हुकूम आहे की या वर्षी सरावाची नोंद ठेवायची, म्हणजे वॉर्डाच्या मदतनिधीच्या पत्रकात चार ओळी छापता येतील. "किती पळालात आणि काय खाल्लंत, एवढंच लिहा," म्हणाल्या. एवढ्यावर थांबणारा माणूस मी असतो तर घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला असता.

तर ही पाचवी मॅरेथॉन, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आधीच्या पळालो त्या वॉर्डातल्या खेळाच्या खोलीसाठी दोनदा, कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी, अनाथाश्रमासाठी. या वर्षी पुन्हा वॉर्ड. आजारी मुलांच्या आईबापांना पाठ टेकायला एक खोली बांधायची आहे. मुलगी तिथं होती तेव्हा आम्ही दोघं नवराबायको आळीपाळीनं खुर्चीत झोपायचो. त्या खुर्चीचा दांडा अजून माझ्या बरगडीला आठवतो.

पळताना मी जो टी-शर्ट घालतो त्यावर माझ्या मुलीचा फोटो आहे आणि खाली 'ढमीसाठी'. फोटोत ती सहा वर्षांची, डोक्यावर एक केस नाही, औषधांनी गाल फुगलेले, आणि पुढच्या दाताशेजारचं खिंडार दाखवत मजेत हसतेय. ढमी हे नाव त्या गालांवरून सिस्टरनींच ठेवलं. आता ढमी चौदाची झाली आहे, आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते, आणि ढमी म्हणून हाक मारली तर ओ देत नाही.

सकाळी म्हणाली, "बाबा, या वर्षी तो फोटो नको ना लावूस."

मी म्हटलं, "फोटो बघूनच लोकांचा हात खिशात जातो."

"मग दुसऱ्या कुणाचा लाव."

"दुसऱ्याचं पोर मी कशाला छातीवर घेऊन फिरू?"

यावर तिनं दप्तर उचललं आणि गेली. या वयात पोरींना सगळ्याचीच लाज वाटते.

९ सप्टेंबर

आमच्या कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये कामाचा ढीग. तीन पूर्ण कवळ्या आणि एका नवरदेवाचे पुढचे चार दात, लग्नाआधी हवेत. बसून मेण कोरायचं काम, आणि माझं बूड खुर्चीला टेकत नाही. पाय खाली आपोआप नाचत असतात. जोडीदार म्हणाला, "टेबल हलतंय, कवळी चावेल मला." मी जेवणाच्या सुट्टीत दोन चकरा मारून आलो.

संध्याकाळी ही म्हणाली, "जरा बस की." ही हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे, दिवसभर उभी असते, म्हणून तिला बसण्याचं फार कौतुक. माझा टी-शर्ट वाळत घालताना तिनं दाखवलं की धुऊन धुऊन फोटोचा रंग उडत चाललाय. मी म्हटलं नवा छापून घेतो. ती म्हणाली, "उडतोय तर उडू दे ना." शर्ट धुणारीलाच त्याची किंमत नाही.

१५ सप्टेंबर

तलावाच्या रस्त्यानं लांबची धाव. परतीच्या चढावर एक बाई माझ्या बरोबरीनं पळू लागली. चांगली पळत होती, श्वास मोजका. तिनं माझ्या छातीकडे पाहिलं आणि एकदम थांबली. मला वाटलं तिच्या पायात गोळा आला, म्हणून मीही थांबलो. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"माझा मुलगा सात वर्षांचा होता," म्हणाली. "हाच आजार. दुसऱ्या शहरात होतो आम्ही तेव्हा." मग जरा थांबून, "आपल्यासारख्यांचं बाकीच्यांना काय कळणार?"

आपल्यासारख्यांचं. तिला काय वाटलंय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. अहो, माझी तर घरी बसून टोस्ट खातेय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. जिचं पोर गेलंय तिला आपलं जिवंत पोर कसं दाखवायचं? पुढच्या वेळी सांगू, असं ठरवलं. माणूस शांत असला की सांगायला सोपं जातं.

ती शहर बस चालवते. आम्ही उरलेला रस्ता बरोबर पळालो. बऱ्याच दिवसांत इतकं छान पळणं झालं नव्हतं.

२९ सप्टेंबर

ड्रायव्हरबाई आता दर रविवारी असते. आज बुटाची लेस बांधायला ती वाकली तेव्हा दिसलं की तिच्या बुटांची वरची भोकं रिकामी आहेत. लेस तोकडी आहे. मुलाच्या बुटांतली काढून घातली आहे, म्हणाली. तिच्या छातीवर फोटो नाही, पाटी नाही, ही लेस एवढंच.

"तुमची कितीची होती?" तिनं विचारलं.

"सहा," मी म्हणालो. फोटोत ती सहाचीच आहे.

"एकुलती?"

"एकुलती."

दोन्ही उत्तरं खरी. तरी घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी मुलीच्या कपाळाला हात लावून आलो. "बाबा, घाम गळतोय तुझा माझ्या पुस्तकावर," ती म्हणाली. कपाळ गार होतं. मला बरं वाटायला हवं होतं.

८ ऑक्टोबर

मुलीच्या पोटरीवर निळा डाग दिसला. हॉकीची स्टिक लागली म्हणे. मी विचारलं, कधी लागली, कुणाची, कुठल्या बाजूनं. शेवटी ती ओरडली, "स्टिकला घेऊन येऊ का घरी?" हिनं मला डोळ्यांनी गप्प केलं. पण आजाराची सुरुवात अशाच डागांनी झाली होती, आणि तेव्हाही आम्ही म्हटलं होतं, कुठंतरी आपटली असेल.

जिवंत पोरीला मी कुणाला तरी मेलेली समजू दिलंय. असलं काही मी मानत नाही. तरी बूट घालून बाहेर पडलो आणि दमेपर्यंत पळालो.

१२ ऑक्टोबर

डाग पिवळा पडलाय. म्हणजे मारच होता. तरीही पळालो.

२१ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला बसलोय आणि तीनदा उठून पाणी पिऊन आलोय.

सकाळी स्कूटर सुरू झाली नाही, म्हणून मी आणि मुलगी बसच्या थांब्यावर गेलो. बस आली, दार उघडलं, आणि स्टिअरिंगवर ड्रायव्हरबाई. तिचा रस्ता हा नव्हे, आज कुणाच्या तरी बदली आली होती. मला बघून चेहरा फुलला. मग तिनं माझ्या शेजारी पाहिलं. मुलगी माझ्या दंडाला धरून उभी होती, लहान असताना धरायची तशी. गर्दीत अजून धरते.

"ही कोण?" ड्रायव्हरबाईनं विचारलं. तिचा आवाज एकदम जपून आल्यासारखा वाटला मला.

"भाची," मी म्हणालो.

मी ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं. मागे लोक चढायला थांबले होते, हॉर्न वाजत होते, तिथं उभं राहून काय सांगणार होतो?

दंडावरचा हात निघाला. मुलगी पुढे जाऊन शेवटच्या सीटवर बसली. उतरताना मागच्या दारानं उतरली. मी लॅबपर्यंत पुढचं सगळं ठरवत गेलो. संध्याकाळी तिला नीट समजावून सांगायचं की त्या बाईला दुखवायचं नव्हतं. शहाणी पोर आहे, समजून घेईल.

२२ ऑक्टोबर

समजून घेतलं नाही. काल सगळं ऐकलं, मान हलवली, मला वाटलं मिटलं. आज जेवताना म्हणाली, "मामा, तुम्हाला अजून भात वाढू?"

ही हसली. तिला वाटलं काहीतरी नाटक चाललंय. "मामा काय गं?"

"विचार ना मामांना."

मला आजवर ती 'तू' म्हणत आली आहे. ते 'तुम्ही' मामापेक्षा जास्त लागलं. मी भात नको म्हटलं.

२७ ऑक्टोबर

मामा, तुमचा फोन वाजतोय. मामा, बाथरूम रिकामं आहे का? मामा, तुमचा पेपर वाचून झाला की द्या. सगळं अगदी अदबीनं. पाहुण्याला बोलावं तसं.

हिला शेवटी सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "त्या बाईला सांगून टाक." मी म्हटलं, मॅरेथॉन झाली की सांगतो, सरावात तिचं मन नको मोडायला. "तिचं मन," ही म्हणाली आणि इस्त्री करत बसली.

आज पळताना ड्रायव्हरबाई म्हणाली, "भाची छान आहे. तिला बघून त्रास होत असेल ना तुम्हाला?" मी वेग वाढवला.

४ नोव्हेंबर

आमच्या मुलीला वरचा एक दात नाही. पुढच्या दाताशेजारचा. दुधाचा पडला आणि पक्का आलाच नाही. लहानपणीच्या औषधांनी हिरडीतच राहिला. त्या जागी मी तिला एका दाताची पट्टी बनवून देतो, टाळूला बसते, हवी तेव्हा काढता येते. जबडा वाढतो तशी दर वर्षी नवी लागते. माप मी घरीच घ्यायचो. ती गुलाबी लगदा तोंडात धरून डोळे फिरवायची आणि मला हसवायचा प्रयत्न करायची. त्या सगळ्या वर्षांचे प्लास्टरचे जबडे लॅबच्या खणात ओळीनं ठेवले आहेत.

या वर्षी ती माझ्याकडे आली नाही. चौकातल्या डेंटिस्टबाईंकडून आज नेहमीच्या पार्सलात पाच मापं आली. मापांवर नावं नसतात, नंबर असतात. प्लास्टर ओतलं, सुकलं, चौथं हातात घेतलं आणि कळलं. वाकडा सुळा, शेजारची रिकामी जागा. जोडीदार म्हणाला, "काय झालं? तुटलं का?" मी म्हटलं, नाही, चांगलं आलंय.

सोबत दाताच्या रंगाचा नंबर होता. तो मोठ्या माणसाच्या दाताचा रंग होता, जरासा पिवळट. मी मागच्या वर्षी दुधासारखा पांढरा लावला होता. डेंटिस्टबाई चुकल्या असं वाटून फोन केला.

"बरोबर लिहिलाय मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिचे दात एवढ्यात बघितलेत का?"

मी म्हटलं, बघतो की, घरात रोज बघतो. दिवसभर त्याच दातावर काम केलं. बाकीची चार मापं तशीच राहिली.

१३ नोव्हेंबर

मुलीची वार्षिक तपासणी. आम्ही तिघं. खुर्च्या त्याच, फक्त आता बसल्यावर तिचे पाय जमिनीला पोचून पुढे उरतात. डॉक्टरांनी कागद खाली ठेवले आणि तिलाच म्हणाल्या, "आता येऊ नकोस इथं. सर्दीखोकला झाला तर घराजवळच्या डॉक्टरकडे जायचं, सगळे जातात तसं."

ही रडली. मुलीनं तिला धरलं. मी विचारलं, "मग पुढची तारीख?"

डॉक्टर म्हणाल्या, "पुढची तारीख नाही."

"म्हणजे सहा महिन्यांनी, की वर्षानं?"

"बाबांना कुणीतरी पाणी द्या," डॉक्टर हसून म्हणाल्या. मुलगी हसली नाही. माझ्याकडे बघत होती. तिचा नवा दात छान बसलाय, कुणाला ओळखू येणार नाही.

घरी आल्यावर मी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या एका मॅरेथॉनला नाव दिलं. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी आहे. हिनं पाहिलं.

"आता कशासाठी?" तिनं विचारलं.

"मुलांसाठी. अजून किती मुलं आहेत."

"आहेत ना. पळ तू त्यांच्यासाठी, मी शर्ट धुते. पण तुझी पोरगी बरी झाली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त तुला सांगायचं राहिलंय. इथं बसलीय ती, आतल्या खोलीत. तू तिला छातीवर घेऊन बाहेर पळतोस."

मी म्हटलं, असं काही नाही. ती म्हणाली, "मग बस इथं. पाच मिनिटं बसून दाखव."

बसलो. दाराच्या कडीचा स्क्रू ढिला दिसला, तो पिळायला उठलो.

३० नोव्हेंबर

उद्या धाव. आज नंबर घ्यायला गेलो तिथं ड्रायव्हरबाई भेटली. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाक्यही तयार केलं होतं, "तुमचा एक गैरसमज झालाय आणि चूक माझी आहे." बोलायला लागणार तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या मी तुमच्या मागं मागं पळणार. शेवटी शेवटी मला त्याचा चेहरा आठवेनासा होतो, मग भीती वाटते. तुमच्या ढमीचा फोटो बघितला की येतो."

मी म्हटलं, फोटो छातीवर आहे, मागून दिसणार नाही. असलं मूर्खासारखं बोललो आणि घरी आलो.

मुलगी सकाळी सिस्टरबरोबर पाण्याच्या टेबलावर मदतीला जाणार आहे. मी विचारलं, कुठल्या टेबलावर? "तुम्हाला दिसेल, मामा."

२ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. आज खुर्चीत बसून लिहितोय, जिन्यावरून खाली जायची पायांची तयारी नाही.

सुरुवात नेहमीसारखी. अर्ध्यापर्यंत पाय हलके होते. ड्रायव्हरबाई मागे नाही, बरोबरीनंच होती. मधूनमधून माझ्या शर्टाकडे बघायची आणि पुढे बघायची. गोदामांच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोघंही रडकुंडीला आलो होतो, आणि तिथं निधीचे पिवळे एप्रन घातलेल्या माणसांचं टेबल दिसलं. टेबलापुढे माझी मुलगी, दोन हातांत दोन ग्लास.

"अरे, तुमची भाची ना?" ड्रायव्हरबाई म्हणाली आणि थांबली.

मुलगी ग्लास पुढे धरून माझ्याकडे बघत राहिली. पळत पुढे निघून जाता आलं असतं. पायांनी तसं सुचवलंही. मागे लोक येत होते, बसच्या दारात होते तसेच.

"भाची नाही," मी म्हणालो. श्वास लागला होता, शब्द एकेक करून आले. "मुलगी माझी. हीच ढमी. ती गेलेली नाही. तुम्हाला तसं वाटलं आणि मी वाटू दिलं."

ड्रायव्हरबाईला ते कळायला वेळ लागला. ती शर्टाकडे बघायची, मुलीकडे बघायची. फोटोतल्या टकल्या गुबगुबीत पोरीचं आणि या उंच पोरीचं काही जमत नव्हतं. तेव्हा मुलीनं ग्लास टेबलावर ठेवले, तोंडात बोट घातलं, पट्टी काढली आणि हसली. खिंडार दाखवत, शर्टावर हसते तशी. तो दात ती घराबाहेर कधी काढत नाही. वर्गातल्या मैत्रिणींनासुद्धा माहीत नाही.

मला वाटलं ड्रायव्हरबाई मला मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. तिनं ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायली, आणि मुलीला विचारलं, "उंची किती गं तुझी?"

"आईहून जास्त. चौदाची आहे मी."

"माझा आता तेरा वर्षांचा असता." ती मुलीच्या डोक्याकडे बघत होती. "मला त्याची उंचीच येत नाही डोळ्यांपुढे. तेवढाच राहतो तो."

मुलगी जरा विचारात पडली. मग तिनं गुडघे थोडे वाकवले आणि तशीच उभी राहिली. "आमच्या वर्गातली मुलं अजून बुटकीच आहेत," म्हणाली. "एवढा असेल. हात ठेवून बघा."

ड्रायव्हरबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आडवा, उंची मोजायला ठेवतात तसा. कितीतरी वेळ ठेवला. मुलीच्या मांड्या थरथरायला लागल्या तरी ती हलली नाही. मग बाईनं हात उचलला, पण खाली नाही घेतला. त्याच उंचीवर धरून एकदा नीट बघून घेतलं.

"तुमच्याशी मी आत्ता बोलणार नाही," ती मला म्हणाली. "बोलेन की नाही माहीत नाही." आणि पळायला लागली. वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. तिनं मागे पाहिलं नाही.

मुलगी सरळ उभी राहिली, पट्टी पाण्यानं धुऊन तोंडात बसवली. मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो. कधी बसलो ते कळलं नाही. शर्ट भिजून फोटो छातीला चिकटला होता. समोर ती होती, एप्रनवर सरबताचे डाग, घामानं केस कपाळाला चिकटलेले. दात बारीक पिवळसर आहेत खरे तिचे. डेंटिस्टबाईंचं बरोबर होतं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

दुसरा ग्लास घेऊन ती माझ्यापुढे उकिडवी बसली.

"रेस राहिलीय," मी म्हटलं.

"राहू दे जरा. नंतर जाऊ चालत, मी येते बरोबर. सिस्टर, जाऊ ना मी?" तिनं ग्लास माझ्या हातात दिला. पण सोडला नाही, खालून धरून ठेवला.

"पी," ती म्हणाली. "सांडतोयस तू, बाबा."